बायकांनी राखलेला गड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



व्यासपीठावर उभं राहून बोलायची मला सवय नाही. इतकी वर्षं मी मंडळात आहे, पण माझं काम सतरंज्या घालायचं आणि चहाचं आधण ठेवायचं. शिक्षण सातवीपर्यंतचं. तेव्हा यंदा वर्धापनदिनाला तुम्ही जर्मनीबद्दल बोला, असं चिटणीसबाईंनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, हळदीकुंकवाला आम्हांला जी किल्ल्याची गोष्ट सांगितलीत, तीच सांगा. समोर माइक आहे एवढाच काय तो फरक." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

आणखी एक कारण आहे. गेल्या महिन्याच्या सभेत एक प्रश्न निघाला होता, तो तुम्हां सर्वांना आठवत असेल. सभासद कमी होत चालले, नव्या मुली येत नाहीत, तेव्हा मंडळ पुढे चालवावं की नाही, आणि एवढ्या वर्षांत आपण केलं तरी काय? त्या दिवशी मी गप्प बसले. पण घरी जाताना मला तो किल्ला आठवला. माझी गोष्ट त्या प्रश्नाशी कुठेतरी जाऊन लागते, असं मला वाटतं. कशी, ते शेवटी सांगते.

मी तिकडे गेले ती काही देश बघायला नव्हे, भावजयीच्या बाळंतपणाला. माझा धाकटा भाऊ जर्मनीत श्टुटगार्ट शहरी नोकरीला आहे. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाचं न्हाणं-धुणं यांत माझे दोन महिने कसे गेले ते कळलंही नाही. एक दिवस भाऊ म्हणाला, "ताई, तू आल्यापासून चार भिंतींच्या बाहेर पडली नाहीस. रविवारी तुला एक किल्ला दाखवतो. त्याचं नावच बायकांवरून पडलंय." भावजय म्हणाली, "जा तुम्ही दोघं. माझी आई आता आलीच आहे." म्हणून निघालो. दशम्या, चटणी आणि पाण्याची बाटली मी पिशवीत घेतलीच होती. तिकडे बाहेर खायचं म्हणजे काय मिळेल त्याचा भरवसा नाही.

श्टुटगार्टहून उत्तरेला आगगाडीने हाइलब्रॉन म्हणून मोठं गाव लागतं. तिथे गाडी बदलली की वाइन्सबर्ग हे लहानसं गाव येतं. सगळं मिळून अंतर पन्नासेक किलोमीटरचं. गावाला लागूनच एक गोल टेकडी आहे आणि तिच्या चारी अंगांना द्राक्षांचे मळे. आपल्या नाशिककडे द्राक्षांचे मांडव असतात, तिथे उतारावर वेलींच्या सरळ रांगा आहेत, भांगात केस विंचरावेत तशा. त्या रांगांमधून पायवाट वर जाते. चढ फार नाही, पण मध्येच दम लागतो.

मनात मी काय चित्र धरलं होतं सांगू? कॅलेंडरवर असतात तसे उंच मनोरे, निळी टोकं, आत झुंबरं. आणि वर जाऊन पाहते तो काय, फुटक्या भिंती! एक जाडजूड गोल बुरूज, तटाचे तुकडे, मधे हिरवळ, झाडं, बसायला बाकं. छप्पर म्हणून कशावर नाही. मी भावाला म्हटलं, "अरे, एवढ्यासाठी गाडीचं भाडं घातलंस? पडके किल्ले काय आपल्याकडे कमी आहेत?" तो हसला आणि म्हणाला, "आधी बस. दशमी काढ. मग गोष्ट सांगतो." तिथे पाट्यांवर लिहिलेलं वाचून आणि बरोबरच्या पुस्तिकेतून त्याने मला जे सांगितलं, ते आता तुम्हांला सांगते.

त्या पडक्या गडाचं नाव वायबरट्रॉय. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बायकांची निष्ठा. मूळचा किल्ला अकराव्या शतकापासूनचा, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांचा. ११४० साली जर्मनीत कोनराड नावाचा राजा होता, तिसरा कोनराड. दोन मोठ्या घराण्यांचं तेव्हा राज्यावरून वैर होतं. कोनराड एका घराण्याचा आणि हा किल्ला दुसऱ्याकडे, वेल्फ नावाच्या सरदाराकडे. राजाने किल्ल्याला वेढा घातला. सरदार बाहेरून फौज घेऊन मदतीला आला, पण डिसेंबर महिन्यात लढाई होऊन त्याचा पराभव झाला. आता किल्ल्यातल्या लोकांना शरण येण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

पुरुषांचं काय करायचं हे राजाच्या हाती. पण बायकांवर त्याने मेहेरबानी केली. त्याने हुकूम काढला की बायकांनी खुशाल बाहेर पडावं, आणि आपल्या खांद्यावर जेवढं नेता येईल तेवढं बरोबर न्यावं.

भगिनींनो, राजाच्या मनात काय असेल? दागिन्यांचे डबे, कपड्यांची गाठोडी, भांडीकुंडी. सगळ्या मुलखातल्या पुरुषांची हीच समजूत, की बाई घर सोडताना आधी दागिन्यांच्या डब्याला हात घालणार. पण किल्ल्याचा दरवाजा उघडला आणि बायका बाहेर आल्या त्या आपापल्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन. डबे, गाठोडी सगळं मागे राहिलं.

राजाचा भाऊ, सरदार फ्रिडरिष, संतापला. तो म्हणाला, ही फसवणूक झाली, हुकमाचा अर्थ असा नव्हता. पण कोनराड राजा बायकांच्या चतुराईवर खूश झाला. राजाने एकदा दिलेला शब्द मागाहून फिरवणं शोभत नाही, असं तो म्हणाला आणि सगळ्यांना जाऊ दिलं. अशी ती गोष्ट.

गोष्ट संपल्यावर भाऊ मला चिडवायला लागला, "ताई, तू भावजींना उचललं असतंस का?" आता आमच्या ह्यांना तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी म्हटलं, "उचललं असतं, पण दोन ठिकाणी खाली ठेवून विसावा घेतला असता." आम्ही दोघंही हसलो. पण उतरताना त्या वाटेवर मी खरोखरच हिशेब करत होते. लहानपणी आम्ही डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून घरी यायचो. भरला हंडा पंधरा-वीस किलोचा. गव्हाचं पोतं पन्नास किलोचं, ते हमाल उचलतो तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा फुगतात. पुरुष माणूस म्हणजे त्याहून जड. थंडीचे दिवस, उताराची वाट, आणि वेढ्यात अडकलेल्या बायका, म्हणजे पोटभर जेवण कित्येक दिवसांत नाही. मग मला वाटलं, नवरेही उपाशीच असणार, तेव्हा जरा हलके झाले असतील! बाईमाणूस हिशेब करणार तो असा.

या गोष्टीला तिकडे फार मान आहे. त्यांच्या मोठमोठ्या कवींनी तिच्यावर कविता केल्या, चित्रकारांनी चित्रं काढली. पण सगळीकडे तिचा अर्थ एकच सांगतात, की पाहा बायका कशा नवऱ्यावर निष्ठा ठेवणाऱ्या. ते खरंच आहे. निष्ठा नसती तर दागिने टाकून माणूस कोण उचलेल? पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या बायकांनी हुकूम नीट ऐकला. जेवढं नेता येईल तेवढं, असं राजा म्हणाला; काय न्यायचं ते तो बोलला नाही. ही फट कुणा सरदाराला दिसली नाही, बायकांना दिसली. आणि एकीला दिसून भागणार नव्हतं. एकटी बाई नवऱ्याला घेऊन निघाली असती तर दरवाज्यावर तिला अडवलं असतं. सगळ्या एकदम निघाल्या म्हणून राजालाही थांबून विचार करावा लागला. आदल्या रात्री किल्ल्यात एखादी सभा झालीच असेल, आपल्यासारखी. एखादीने सुचवलं असेल, एखादी म्हणाली असेल की भलतंच काय, असं कुठे असतं का, आणि एखाद्या वयस्कर बाईने सगळ्यांना गप्प करून ठरवून टाकलं असेल. हे माझ्या मनाचं हो, पुस्तकातलं नाही.

आता तुम्ही विचाराल, हे खरंच घडलं का? मीही भावाला तेच विचारलं. वेढा पडला आणि किल्ला शरण आला, हे नक्की. बायकांची हकीकत कोलोनच्या एका लॅटिन बखरीत येते, आणि ती बखर लिहिली गेली घटनेनंतर तीसेक वर्षांनी. म्हणून इतिहासाचे पंडित वाद घालतात. काही म्हणतात घडलं असेल, काही म्हणतात ही दंतकथा आहे, कारण अशा गोष्टी दुसऱ्याही किल्ल्यांच्या नावावर सांगतात. आपल्याकडे रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरलेली ती माउली. पंडितांनी तिच्याबद्दलही शंका घ्यायची ती घ्यावी, पण रायगडावर गेलेली बाई त्या बुरुजापाशी थांबल्याशिवाय खाली येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. राजाचं नाव कोनराड, भावाचं नाव फ्रिडरिष, सरदाराचं नाव वेल्फ, ही नावं पुस्तकात आहेत. नवऱ्यांना उचलून नेणाऱ्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव त्या बखरीत नाही. किती होत्या तेही नाही. नुसतं बायका, एवढंच.

त्याच गावाने पुढे दुसराही एक दिवस पाहिला, तोही सांगायला हवा. नाहीतर गोष्ट फार गोड होईल. १५२५ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. सरदारांचे कर, वेठबिगार, जंगलात लाकूड तोडायची आणि ओढ्यात मासे धरायची बंदी यांनी ते गांजले होते. त्यांच्या मागण्या वाचल्या तर आजच्या माणसाला त्यांत गैर काही वाटणार नाही. त्या वर्षी १६ एप्रिलला, ईस्टरच्या सणाच्या दिवशी, शेतकऱ्यांच्या जमावाने वाइन्सबर्गचा किल्ला आणि गाव घेतलं. तिथला अधिकारी लुडविग फॉन हेल्फेनश्टाइन नावाचा सरदार होता. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना भाल्यांच्या दोन रांगांमधून पळायला लावून ठार केलं.

त्या सरदाराची बायको मार्गारेटे. बादशहा माक्सिमिलियनची ती मुलगी, लग्नाबाहेरची. कडेवर लहान मुलगा घेऊन तिने नवऱ्याच्या प्राणांची भीक मागितली. कुणी ऐकलं नाही. किल्ला जाळला. तिला मुलासकट गाडीत घालून हाइलब्रॉनला पाठवून दिलं. आणि पुढच्या महिन्यात सरदारांची फौज सूड घ्यायला आली, तिने सगळं वाइन्सबर्ग गाव जाळून टाकलं. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला जिवंत जाळलं. म्हणजे इकडच्याही बायका विधवा झाल्या आणि तिकडच्याही.

एकच गाव. एकदा बायकांच्या शब्दाने आणि खांद्यांनी पुरुष वाचले, आणि दुसऱ्या वेळी बाईचा पदर पसरलेला तसाच राहिला. फरक कशाचा? माझ्या अल्पबुद्धीला असं वाटतं, की पहिल्या वेळी समोरच्या माणसाला आपल्या दिलेल्या शब्दाची लाज होती. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंना रागापुढे काही दिसत नव्हतं. शहाणपण आपल्याकडे असून भागत नाही, समोरच्याच्या पोटात थोडी तरी माणुसकी लागते.

त्यानंतर किल्ला पुन्हा कुणी बांधला नाही. पुढची तीनशे वर्षं तो पडत राहिला. गावातल्या लोकांना घर बांधायचं झालं की वर जायचं आणि घडवलेले दगड उतरवून आणायचे. फुकटचे दगड कुणाला नको आहेत? आपल्याकडचे किती वाडे आणि वेशी अशाच गेल्या, ते आपण बघतोच. गवत वाढलं, राडारोडा साचला. आणखी शंभर वर्षं असंच चाललं असतं तर आज टेकडीवर काही उरलं नसतं.

१८१९ साली त्या गावात सरकारी डॉक्टर म्हणून युस्टिनुस केर्नर नावाचे गृहस्थ आले. डॉक्टर आणि शिवाय कवी. त्यांची एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे म्हणून सांगते. त्या मुलखात मांसाच्या भरलेल्या नळ्या करून त्या धुरी देऊन साठवतात. त्या नीट शिजल्या नाहीत, की आत विष तयार व्हायचं आणि माणसं मरायची. नजर दुहेरी व्हायची, घास गिळवत नसे, श्वास कोंडायचा. केर्नर यांनी अशा दीडशेच्या वर रोग्यांच्या हकिगती गोळा करून १८२२ साली पुस्तक काढलं, आणि ते विष थोडं स्वतःच्या जिभेवर घेऊनही पाहिलं. कशाने होतं आणि काय टाळावं, हे त्यांनी लोकांना सांगितलं. आज तेच विष अगदी अल्प मात्रेत औषध म्हणून टोचतात.

तर या केर्नर डॉक्टरांना गडाची दशा बघवेना. त्यांनी काय करावं? राजाकडे अर्ज केला असता, श्रीमंतांकडे हात पसरले असते. त्यांनी १८२३ साली गावात बायकांचं मंडळ काढलं. होय, महिला मंडळ! ज्या गडाला बायकांचं नाव, तो बायकांनीच राखावा, असा त्यांचा विचार. आणि पुढच्या वर्षी, १८२४ साली, व्युर्टेंबर्गचा राजा विल्हेल्म याने तो पडका गड त्या मंडळाच्या ताब्यात दिला. दोनशे वर्षांपूर्वी! तेव्हा त्या देशात बाईला मत नव्हतं, आणि गावातल्या बायकांच्या नावावर राजाने एक गड करून दिला.

मंडळाने काय केलं? राडारोडा काढवला. वर जायला वाट केली. झाडं लावली. ढासळत्या भिंतींना आधार दिला. यासाठी पैसे लागतात, आणि मंडळाकडे पैसे नसतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. मग त्यांनी एक युक्ती काढली. गडाच्या पडलेल्या दगडांचे बारीक खडे अंगठीत बसवले आणि त्या अंगठ्या बायकांना विकल्या. ज्या बायकांनी दागिने टाकून माणसं उचलली, त्यांच्या गडाच्या दगडाचाच दागिना झाला! दगड फुकटचा, पण गोष्ट मोलाची. आपण पापड-कुरडया विकून शिवणयंत्र घेतलं होतं, त्याचीच ही बहीण.

ते मंडळ पुढे केर्नर यांच्या नावाच्या संस्थेत सामील झालं, आणि गडाची देखभाल आजही तीच संस्था करते. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली. १९४५ सालच्या एप्रिल महिन्यात, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, बॉम्ब पडून आणि आगी लागून वाइन्सबर्ग गावाचा बहुतेक जुना भाग जळून गेला. खालचं नांदतं गाव गेलं आणि वरचा पडका गड राहिला. माणसांनी गाव पुन्हा बांधलं.

हे सगळं ऐकल्यावर मी उठून तोच गड पुन्हा एकदा हिंडले, आणि मघाशी न दिसलेलं दिसायला लागलं. भिंत जिथे फुटली आहे तिथे ती फुटकीच ठेवली आहे. नवी भिंत बांधून, रंग देऊन जुन्याचं सोंग आणलेलं नाही. पण पुढे ढासळू नये म्हणून माथ्यावर चुना-दगड नीट बसवला आहे, पाणी मुरणार नाही अशी व्यवस्था केली आहे. जुन्या पैठणीला भोक पडलं तर आपण नवीन कापड लावून तिची शोभा घालवत नाही, रफू करून ते भोक वाढू देत नाही, तसंच हे. जीर्णोद्धार म्हणजे सगळं नवं करणं, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

तो जाड गोल बुरूज आहे ना, त्याच्या आत गेलो. आतल्या दगडांवर नावं कोरलेली आहेत. आपल्याकडे किल्ल्यांवर बदाम काढून नावं लिहितात तसली नव्हेत. केर्नर यांच्या काळापासून तिथे आलेल्या नामांकित पाहुण्यांची नावं आदराने दगडात कोरून ठेवायची पद्धत पडली. दगडी वहीच म्हणतात तिला. भिंतीतल्या झरोक्यांत केर्नर यांनी तारांची वाद्यं बसवली होती. वारा आला की ती आपोआप वाजायची, माणसाने हात लावायचा नाही. आम्ही गेलो तेव्हा वारा पडलेला होता. मी बराच वेळ कान देऊन उभी राहिले.

खाली गडाच्या पायथ्याशी केर्नर यांचं घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. ते घर तिकडे प्रसिद्ध आहे ते पाहुण्यांमुळे. कवी, पंडित, राजघराण्यातली माणसं, आजारी, फिरस्ते, कुणीही यावं, राहावं, जेवावं. केर्नर यांच्या आदरातिथ्याचं वर्णन लोकांनी केलं आहे. पण भगिनींनो, आदरातिथ्य करतात ते गृहस्थ आणि भाकऱ्या थापते ती गृहिणी! त्यांच्या पत्नीचं नाव फ्रीडरिके, लाडाने तिला रिकेले म्हणत. १८१३ साली लग्न झालं आणि १८५४ साली ती गेली. चाळीस वर्षं त्या बाईने ती पंगत उठवली. केर्नर तिच्यामागे आठ वर्षं जगले आणि १८६२ साली वारले. त्यांच्या नावाची पुढे एक द्राक्षाची जातही निघाली, एवढा मोठा माणूस. पण त्यांच्या थडग्यावर काय लिहिलं आहे ठाऊक आहे? "फ्रीडरिके केर्नर आणि तिचा युस्टिनुस." स्वतःच त्यांनी तसं लिहायला सांगून ठेवलं होतं. आधी तिचं पूर्ण नाव, आणि मग आपलं, तिचा म्हणून.

भावाने हे सांगितलं तेव्हा मला काही बोलवेना. गडावरच्या त्या बायकांचं नावही उरलं नाही, आणि त्याच गडाच्या पायथ्याशी एका माणसाने आपल्या बायकोचं नाव असं पुढे लावलं.

आता तुमचा फार वेळ घेत नाही. तो गेल्या महिन्यातला प्रश्न. एवढ्या वर्षांत आपण केलं काय?

नवऱ्याला खांद्यावर घेऊन उतरण्याचं काम एका दिवसाचं होतं. ते मोठं खरंच, पण तसा प्रसंग हजार वर्षांत एकदा येतो, आणि तो घडला की नाही यावर पंडित अजून भांडत आहेत. पण १८२४ सालच्या त्या मंडळाबद्दल कुणाला शंका नाही. त्या बायकांनी कुठलीही लढाई केली नाही. वर्षाला थोडा राडा काढला, चार झाडं लावली, दहा अंगठ्या विकल्या, पावसाळ्यानंतर कुठली भिंत हलली ते बघितलं. त्यांच्यातही कुणीतरी म्हणालं असेल, की काय हे, दगड राखून काय मिळणार? त्यांच्याही सभेला कधी सहाच जणी आल्या असतील. पण त्यांनी दार बंद केलं नाही, म्हणून दोनशे वर्षांनी माझ्यासारखी परमुलखातली बाई तिथे बसून दशमी खाऊ शकली आणि ती गोष्ट ऐकू शकली. गड उरला म्हणून गोष्ट उरली. नाहीतर तिचे दगड लोकांच्या घरांच्या पायांत गेले असते.

आपल्याकडेही गडांचा मान आता वाढतो आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजीचा. फार आनंदाची गोष्ट. पण यादीत नाव गेलं म्हणून भिंत उभी राहत नाही. तिच्यावर उगवलेलं पिंपळाचं रोप वेळेवर उपटायला कुणीतरी लागतं.

आपल्या ताब्यात कुणी गड दिलेला नाही. आपल्याकडे एक खोली आहे, एक शिवणयंत्र आहे आणि पुस्तकांचं एक कपाट आहे. त्या कपाटातली पुस्तकं वाचून मी सातवीनंतरची शाळा शिकले, असं म्हटलं तरी चालेल. गेलं वर्षभर ते कपाट बंद आहे, कारण दुपारी येऊन बसायला कुणी नाही. तर माझी पहिली विनंती अशी, की मंडळ बंद करायची गोष्ट काढण्याआधी आपण ते कपाट उघडू या. आठवड्यातून दोन दुपारी. मंगळवारची दुपार माझी. दुसरी दुपार कोण घेते, ते आज घरी जायच्या आधी मला सांगा.

आणि दुसरी विनंती चिटणीसबाईंना. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी अध्यक्षबाईंचं, पाहुण्यांचं आणि देणगी देणाऱ्यांचं नाव छापतो. ते योग्यच आहे. पण ज्या सतरंज्या घालतात, पापड लाटतात, हिशेबाची वही लिहितात आणि कार्यक्रम संपल्यावर खोली झाडतात, त्यांची नावंही एका पानावर छापावीत, आणि ती त्यांच्या स्वतःच्या पूर्ण नावाने. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कुणी एवढं केलं असतं, तर आज त्या गडाच्या पाटीवर नुसतं बायका असं लिहायची वेळ आली नसती.

माझं बोलणं इथे संपलं. चहा तयार आहे, पण आज तो मी गाळणार नाही, दुसऱ्या कुणीतरी गाळा. माझे पाय अजून लटपटत आहेत!